पत्रांचं पुरुमेंत

मे महिन्यात आमच्या घरात दोन कामं एकदम निघाली. आईने माळ्यावरच्या भरण्या उतरवून अंगणात उन्हाला लावल्या, आणि आमच्या नाट्यमंडळाची मेलपेटी ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती तिचं पत्र आलं: ३१ मेपासून ही सेवा बंद, आपली पत्रं त्याआधी उतरवून घ्यावीत.

आईचं काम म्हणजे पुरुमेंत. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. पावसाचे चार महिने पुरेल एवढा जिन्नस मे महिन्यातच घरात भरून ठेवायचा, त्याला आम्ही पुरुमेंत म्हणतो. शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो'वरून आलेला, पण तो आता इतका आमचा झालाय की मडगावात त्याच्या नावाचं फेस्त भरतं. सुक्या मिरच्या, सोलं, जाडं मीठ, मीठ लावून वळलेले चिंचेचे गोळे, खारातले आंबे, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, लाल मातीत घोळवलेल्या फणसाच्या आठळ्या. पूर्वी पावसात होड्या किनाऱ्याला लागत, ओढे भरत, बाजार बंद पडे, म्हणून हे सगळं करावं लागे. आज आमच्या फोंड्याला भर जुलैत हवं ते मिळतं. आईला ते मान्य नाही. मिळणं वेगळं आणि घरात असणं वेगळं, असं तिचं म्हणणं.

मी बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीवर, लॅपटॉप घेऊन बसलेला पाहून तिने विचारलं, "आनी तूं कितें सांठयता?"

"पत्रां."

"कोणाचीं?"

"आमचींच. मंडळाचीं."

"मागीर इतले दीस खंय आसलीं तीं?"

या प्रश्नाचं उत्तर मला नीट देता आलं नाही. एकोणीस वर्षं आम्ही ती पत्रं 'आमची' म्हणत होतो, आणि ती कुठल्या गावात, कुणाच्या खोलीतल्या यंत्रात होती हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

मंडळाची मेल २००६ साली मास्तरांनी उघडली. मास्तर आमचे तेव्हाचे कार्यवाह, शाळेतून निवृत्त, आणि उत्सवी नाटकांत वीस वर्षं स्त्री-भूमिका केलेले. त्यांच्यामागून ते पद माझ्या गळ्यात पडलं. या रविवारी ते मी पुढच्या कार्यवाहांच्या हातात देणार आहे. दप्तर म्हणून द्यायला आहेत हिशेबाची बाडं, दोन ट्रंका भरून कपडेपट, आणि ही मेलपेटी. बाडांना वाळवी लागलीय, कपडेपटाला वास येतो. मेलपेटी तेवढी स्वच्छ असेल असं मला वाटलं होतं.

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर बसवला. ब्राउझरमधून मेल बघणाऱ्यांना अशा प्रोग्रॅमची गरज वाटत नाही, मलाही वाटत नव्हती. पण पत्रं आपल्या यंत्रावर आणायची तर ब्राउझरची खिडकी उपयोगाची नाही, घरातलं कपाट लागतं. खातं जोडलं, आयमॅप निवडलं, पोर्ट ९९३, आणि मास्तरांच्या डायरीतला पासवर्ड. तो पासवर्ड म्हणजे आमच्या पहिल्या बक्षीसपात्र नाटकाचं नाव आणि साल. त्याहून सोपा पासवर्ड गावात कुणी ठेवला नसेल. थोड्या वेळात डावीकडे फोल्डर उमटले, उजवीकडे पत्रांची भली मोठी यादी. अकरा हजारांच्या वर. मी भाच्याला पुण्याला फोन करून सांगितलं, काम झालं.

"मामा, नेट बंद करा आणि २००८ चं एखादं पत्र उघडा," तो म्हणाला.

नेट बंद करावं लागलं नाही. मे महिन्यातला वळवाचा वारा सुटला आणि वीजच गेली. राउटर विझला, लॅपटॉप बॅटरीवर चालू. मी २००८ चं पत्र उघडलं. वर पाठवणाऱ्याचं नाव, विषय, तारीख, आणि खाली पत्राच्या जागी एक इंग्रजी सूचना: हा मजकूर ऑफलाइन वाचण्यासाठी उतरवलेला नाही. अकरा हजार पाकिटांवरचे पत्ते माझ्याकडे आले होते, आतली पत्रं बरीचशी अजून तिथेच होती.

आयमॅपची रीतच तशी आहे. मार्क क्रिस्पिन नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९८६ मध्ये ती स्टॅनफर्डला आखली, ती मुळी पत्रं सर्व्हरवरच राहावीत आणि आपण कुठूनही ती पाहावीत यासाठीच. तिच्या जोडीला पॉप नावाची दुसरी रीत आहे, ती टपालवाल्यासारखी: पत्रं आणून दारात टाकते, आणि सांगितलं नाही तर टपालखात्यात प्रतही ठेवत नाही. पॉप फक्त इनबॉक्स ओळखते, आम्ही पाठवलेली पत्रं तिच्या हिशेबात नाहीत. म्हणून आयमॅपच बरी. पण तिच्यातून जे दिसतं तो आरसा. मजकूर सगळा उतरला तरी आरसाच. तिकडे पत्र पुसलं की इकडचंही पुसलं जातं. ३१ मेला तिकडची पेटी कुणी रिकामी केली आणि माझा प्रोग्रॅम तेव्हा जोडलेला असला, तर तो इमानाने माझी बाजूही रिकामी करणार.

दुसऱ्या दिवशीची चूक पूर्णपणे माझी. थंडरबर्डमध्ये पत्र निवडून इंग्रजी 'ए'चं बटण दाबलं की ते 'अर्काइव्ह्ज'मध्ये जातं, आणि तिथे वर्षावर्षांचे खण आपोआप पडतात. केवढं सोयीचं! मी संध्याकाळभर बटण दाबत बसलो. २००६, २००७, २००८, एकेक खण उगवत होता आणि मला आमच्या वाचनालयातली कपाटं लावल्यासारखा आनंद होत होता. रात्री जेवताना लक्षात आलं की ते 'अर्काइव्ह्ज' मंडळाच्या खात्याच्याच पोटात दिसत होतं. म्हणजे सर्व्हरवर. आगीतून सामान वाचवायचं म्हणून मी ते त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत नेऊन रचलं होतं.

सेटिंग सापडलं तेव्हा अगदीच साधं निघालं. अकाउंट सेटिंग्जमध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स' म्हणून एक पान आहे. संग्रह कुठे ठेवायचा हे तिथे विचारतात, आणि आपण काही बोललो नाही तर ते खातंच धरलेलं असतं. तिथे 'लोकल फोल्डर्स' निवडायचं. लोकल फोल्डर्स म्हणजे खरोखर आपल्या डिस्कवरचं कपाट, सर्व्हरशी त्याचा काही संबंध नाही. त्याच पानावर एकच फोल्डर हवा, वर्षाचा हवा की महिन्याचा, तेही ठरवता येतं. मी वर्षाचा ठेवला. महिन्याचा ठेवला असता तर आमचे आठ महिने रिकामे आणि उत्सवाआधीचे चार ओसंडून वाहणारे दिसले असते.

मग मात्र शहाण्यासारखं केलं. एकदम सगळं न हलवता तीनशे-चारशेच्या घासांनी, आणि हलवण्याऐवजी आधी कॉपी. दोन्हीकडचे आकडे वहीत लिहिले. 'सेंट'चा फोल्डर विसरलो नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळजण नेमका तोच विसरतात आणि मग संग्रहात नुसती उत्तरं राहतात, प्रश्न कुठेच नाहीत. वर्षाच्या खणात दोन्ही शेजारी आले तेव्हा पहिल्यांदाच ते बोलणं वाटलं.

हे करताना मला पणजीच्या पुराभिलेखागाराची फार आठवण झाली. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काही सापडतंय का बघायला मी एकदा तिथे गेलो होतो. आमच्या कामाचं काही मिळालं नाही, पण तिथल्या एका कर्मचाऱ्याने चामड्याच्या पुठ्ठ्याचे जाडजूड ग्रंथ दाखवले. 'मोंसोंइश दो रेइनो', राजाच्या राज्याकडचे पावसाळे! लिस्बनचा राजा आणि गोव्याचा व्हिसेरेई, म्हणजे व्हाइसरॉय, यांच्यातला पत्रव्यवहार, मोसमी वाऱ्यांवर येणाऱ्या ताफ्याप्रमाणे वर्षावर्षांनी बांधलेला. मार्च-एप्रिलमध्ये तिकडून निघालेली जहाजं सप्टेंबर-ऑक्टोबरात मांडवीत शिरायची. इकडची परत निघायची ती नाताळच्या आगेमागे. एका प्रश्नाचं उत्तर यायला दीड-पावणेदोन वर्षं. आणि त्या ग्रंथांतही राजाची पत्रं अन् इकडून गेलेल्या उत्तरांच्या नकला एकत्र आहेत. हे दप्तर लावण्याचं काम १५९५ साली इतिहासकार दियोगो दो कोउतोकडे सोपवलं गेलं. पुढे विसाव्या शतकात आपल्या इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी वर्षानुवर्षं ते सांभाळलं, वाचलं, लोकांपुढे आणलं. तिथून परतताना मनात आलं होतं की यांचे 'वर्षाचे फोल्डर' चारशे वर्षं टिकले आणि आमची २०११ ची सीडी बुरशीचे डाग पडून चौथ्या पावसाळ्यात गेली.

मला त्या कर्मचाऱ्याने सांगितलेली आणखी एक गोष्ट जास्त भावली. महत्त्वाचं पत्र कधी एकाच जहाजाने जात नसे. त्याच्या दोन-तीन प्रती काढून वेगवेगळ्या जहाजांवर चढवत, आणि वर लिहीत: पहिली व्हिया, दुसरी व्हिया. एक बुडालं तरी दुसरं पोचेल. हल्लीचे संगणकवाले बॅकअपचे तीन-दोन-एक (तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी) असले नियम सांगतात, ते आमच्या मांडवीला तेव्हाच ठाऊक होते.

आता खणांच्या आत काय सापडलं ते.

आम्ही घरात कोकणी बोलतो आणि लिहायला बसलो की मराठीत लिहितो. गोव्यातल्या पुष्कळ घरांत हे असंच चालतं, त्यावरून बाहेर केवढे वाद झाले तरी. मेलपेटीत ते फार मजेशीर दिसतं. सभेची सूचना मराठीत: 'सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की'. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेचा प्रवेशअर्ज मराठीत. लेखकाकडे प्रयोगाची परवानगी मागणारं पत्र तर इतक्या शुद्ध मराठीत की ते मास्तरांनी तीनदा तपासलेलं असणार. आणि भांडणं सगळी कोकणीत, तीही रोमी, म्हणजे इंग्रजी, अक्षरांत! रागावलेल्या माणसाला देवनागरीचा फॉण्ट शोधायला वेळ नसतो.

फॉण्टवरून आठवलं. २००६ ते २००९ मधल्या मराठी पत्रांपैकी निम्मी पहिल्यांदा वाचताच आली नाहीत. नुसती इंग्रजी अक्षरं, चिन्हं, टोपीवाली अक्षरं यांची भेळ. त्यातही दोन जाती आहेत. एक, जी खरं तर युनिकोडमध्येच लिहिलेली असतात पण प्रोग्रॅम त्यांना भलत्या लिपीची समजून वाचतो. ती मेन्यूतून एन्कोडिंग दुरुस्त केलं की खाडकन मराठी होतात. दुसरी जात वाईट. तेव्हा मास्तर एका खास फॉण्टमध्ये टंकत. त्यात अक्षर 'क' दिसलं तरी आत साठत असे ते एखादं इंग्रजी अक्षरच, वर फक्त मराठीचा मुखवटा. फॉण्ट गेला की मुखवटा गेला. सुदैवाने मास्तरांनी एका पत्राला तो फॉण्टच जोडून पाठवला होता. तो बसवला आणि एका संगीत नाटकाचं संपादित हस्तलिखित, पदांच्या खुणांसकट, डोळ्यांपुढे उभं राहिलं. तो फॉण्ट मी आता संग्रहाबरोबरच ठेवलाय, वेगळ्या फोल्डरात, मोठ्या अक्षरांत 'हे काढू नये' असं नाव देऊन.

फोटोंनी जागा खाल्ली होती. मेलमधून जाताना कुठलीही जोडलेली फाइल साध्या अक्षरांत बदलली जाते आणि जवळपास एक तृतीयांशाने फुगते. तीन एमबीचा फोटो चार एमबी होऊन बसतो. आमच्या लोकांनी एकाच प्रयोगाचे तेच फोटो सहा-सहा जणांना उलटसुलट पाठवलेत. ते मी काढले नाहीत. कंटाळा हे एक कारण. दुसरं, प्रत्येकाने खाली काय लिहिलंय ते वेगळं आहे.

आणि २००२ चा खण.

मंडळाची मेल उघडली २००६ मध्ये, आणि कपाटात २००२ चा एक खण! चाळीस-एक पत्रं. सगळी मास्तरांची, सगळी १ जानेवारी २००२ ची, सगळी मध्यरात्रीनंतर तासा-दोन तासांत लिहिलेली. भाच्याला विचारलं तर तो हसत सुटला. मास्तरांच्या जुन्या संगणकातला नाण्याएवढा सेल मेला असणार. तो मेला की यंत्र बंद केल्यावर घड्याळ मूळपदावर जातं, आणि पत्रावरची तारीख पाठवणाऱ्याचं यंत्र घालतं. थंडरबर्डने पत्रावर लिहिलेली तारीख खरी मानली आणि त्याप्रमाणे खण पाडला. खरी तारीख हवी तर पत्राचा सोर्स, म्हणजे पडद्यामागचा मूळ मजकूर, उघडून त्यातल्या 'रिसीव्ह्ड'च्या ओळी बघायच्या. वाटेतला प्रत्येक सर्व्हर तिथे आपला शिक्का मारतो, टपालाच्या पाकिटावर मारतात तसा. तिथे २००९ होतं.

मी हे कौतुकाने मास्तरांना फोनवर सांगितलं. आता ते चौऱ्याऐंशींचे आहेत, ऐकायला कमी येतं, मेल सोडून दहा वर्षं झाली. माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे ते पत्रही असेल."

"कुठलं?"

"राजीनाम्याचं. ते काढून टाक बाबा."

त्यांनी कधी राजीनामा दिल्याचं मला आठवत नव्हतं. २००९ च्या खणात नव्हताच. २००२ मध्ये होता. रात्री लिहिलेला, रोमी कोकणीत, समितीतल्या पाचही जणांना. त्या वर्षी उत्सवाच्या नाटकात पहिल्यांदा गावातल्या मुलीला स्त्री-भूमिका द्यायची असं समितीने ठरवलं होतं. मास्तरांनी लिहिलं होतं की ज्या रंगमंचावर आपण वीस वर्षं लुगडं नेसून उभे राहिलो तिथे आता आपलं काम उरलेलं नाही. इथवर ठीक होतं, वाचताना पोटात तुटलं. पुढची तीन वाक्यं त्या मुलीबद्दल आणि तिच्या वडिलांबद्दल होती. ती इथे लिहीत नाही.

मास्तर पंधरा दिवसांत परत आले होते. राजीनामा कुणी वाचून दाखवला नाही, इतिवृत्तात त्याची नोंद नाही. त्या मुलीला नऊवारीत पायऱ्या कशा उतरायच्या, पदर दातांत न धरता कसा सांभाळायचा, हे देवळाच्या मागच्या पडवीत रोज संध्याकाळी मास्तरांनीच शिकवलं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तिला त्या साली अभिनयाचं बक्षीसही मिळालं. रविवारी जिच्या हातात दप्तर द्यायचंय ती तीच.

३१ मे झाला. १ जूनला सकाळी थंडरबर्ड उघडलं तर ते पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारत राहिलं, दार बंद झालेल्या घराची घंटा वाजवल्यासारखं. मी ते खातं प्रोग्रॅममधून काढून टाकलं. डावीकडे फक्त 'लोकल फोल्डर्स' उरलं, खाली एकोणीस-वीस खण. आईला बोलावून दाखवलं. तिने चष्मा पुढे-मागे करून पाहिलं आणि विचारलं, पोरूंचें कशें तें कोण पळयता? म्हणजे, जुनं आधी संपवायचं असतं, नाहीतर भरणीच्या तळाशी तेच राहतं आणि खवट होतं. ते कोण बघतं? भरण्या भरताना ती गेल्या वर्षीचं वरती काढून घेते, नवीन खाली घालते. मी म्हटलं, यातलं काही संपत नाही. तिला ते पटलं नाही, आणि खरं तर मलाही.

त्याच संध्याकाळी मास्तरांचं पत्र निवडून डिलीट केलं. कचऱ्याच्या फोल्डरातूनही काढलं. फोन करून सांगितलं, "काढलं मास्तर." ते "बरं केलंस" म्हणाले आणि लगेच पावसाचं विचारायला लागले.

पण रात्री झोप येईना म्हणून मी प्रोफाइलचा फोल्डर, जिथे प्रोग्रॅम आपला साठा ठेवतो तो, उघडून बसलो. थंडरबर्ड एकेक खण एकेका सलग फाइलीत ठेवतं, एमबॉक्स म्हणतात त्याला. एकामागे एक पत्रं शिवलेली, जुन्या बाडासारखी. शेजारी छोटी सूचीची फाइल असते. ती हरवली तरी चालतं, प्रोग्रॅम नवी बनवतो. मूळ बाड हरवलं तर गेलं. बाकीची बाडं एवढाली आहेत की नोटपॅडमध्ये उघडायची सोय नाही. २००२ चं मात्र चिमुकलं. ते उघडलं. देवनागरी पत्रं आत सांकेतिक अक्षरांच्या रांगा झालेली दिसतात, काही कळत नाही. रोमी कोकणी मात्र जशीच्या तशी वाचता येते. मास्तरांचं पत्र तिथेच होतं. ओळ न ओळ.

डिलीट म्हटल्यावर प्रोग्रॅम त्या पत्रावर फक्त काढल्याची खूण करतो आणि यादीतून ते लपवतो. बाडातलं पान फाडत नाही. पान फाडायला 'कॉम्पॅक्ट' म्हणावं लागतं. मग तो पूर्ण बाड नव्याने लिहितो, खूण केलेली पत्रं वगळून. एकदा ते झालं की ते पत्र कुठेच नाही. समितीतल्या त्या पाच जणांकडेही तेव्हा गेलं असणार, पण त्यांच्यापैकी कुणाची २००९ ची मेल आज जिवंत असेल यावर मी पैज लावणार नाही.

तीन प्रती काढायच्या आहेत. एक हार्डडिस्क नव्या कार्यवाहांसाठी, एक भाच्याकडे पुण्याला, एक माझ्या कपाटात. पहिली व्हिया, दुसरी व्हिया, तिसरी. अजून एकही जहाज सुटलेलं नाही, सगळं या एका लॅपटॉपवर आहे. आज दुपारपासून पश्चिमेकडून काळोखून आलंय आणि आईने अंगणातल्या मिरच्या आत घ्यायला हाक मारली आहे. 'कॉम्पॅक्ट' करून मग प्रती काढायच्या, की आधी प्रती आणि मग 'कॉम्पॅक्ट', एवढंच ठरायचं राहिलंय. रविवार परवा आहे.